चुन्याचं पापलेट

सन चौतीसच्या थंडीत आमच्या नगरपालिकेला सौंदर्याची लहर आली. बंदर ते बाजार हा रस्ता रुंद करायचा, कडेला दगडी कठडा बांधायचा आणि त्यावर आपल्या किनाऱ्याची सृष्टी चुन्यात उठवायची, म्हणजे माड, पोफळी, बगळे, मासे. त्याच ठरावात मी, पालिकेचा कारकून, माझ्याच हातानं लिहिलं की रस्त्याकडेच्या कोळणींना उठवून नाल्यापलीकडे बसवावं, कारण वास येतो. कठड्यावरचा मासा हवा, पाटीतला नको. अध्यक्ष रावजीसाहेब कर्णिकांना स्वतःला माशाशिवाय घास उतरत नसे, पण ठराव तो ठराव.

नाल्यापलीकडे गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे मनुबाई कोळणीला पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं ती त्याच जागेवर पाटी घेऊन बसत होती. तिथून उठवणं म्हणजे तिच्या पोटावर पाय देणं.

नक्षीकामाला पालीहून गुणाजी गवंडी आला. देवळांवरच्या मोर-कमळांत हात बसलेला, पण दर्याशी ओळख नाही. त्यानं उठवलेलं पहिलं पापलेट चांगलं लांबोडकं होतं आणि अंगावर रुपयाएवढे खवले. मनुबाई पदर तोंडाला लावून हसली.

"ह्यो कंचा मासा रं बाबा? आमच्या दर्यात तर न्हाय."

गुणाजी वरमला. "बाय, आमच्याकडं सुकी मासळी येते. पापलेट म्या कदी बगितलंच न्हाय."

तिनं पाटीतलं ताजं पापलेट काढून त्याच्यापुढं फळीवर ठेवलं. चुना ओला आहे तोवरच हात चालवावा लागतो, म्हणून ती शेजारी बसूनच सांगत राहिली. "शेपूट कातरीवानी कर. कल्ला जरा उगडा ठेव, ताजं हाय का त्ये मान्सं पयलं तितंच बगत्यात."

असं पंधरा दिवस चाललं. कोळणींना उठवायची नोटीस माझ्या टेबलावरच होती. खरं सांगायचं तर मीच ती रोज फाइलींच्या तळाशी सरकवत होतो.

पाहणीच्या दिवशी रावजीसाहेब कमिटीसह आले. माड पाहिले, बगळे पाहिले, मान डोलावली. पापलेटापाशी वाकले आणि बोलता बोलता त्यांचं बोट थेट कल्ल्यात गेलं. एवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. त्यांनी ते बोट नाकाला लावलं.

कमिटीनं आधी खोकून पाहिलं. मग सगळा रस्ताच हसत सुटला.

मनुबाई मात्र हसली नाही. "चुन्याचं हाय त्ये, साहेब," ती म्हणाली. "सवय तुमच्या बी हाताची जात न्हाय. मंग आमी तीस वर्साची जागा कशी सोडावी?"

साहेबांचे कान लाल झाले. धोतराला बोट पुसत ते माझ्याकडं वळले.

"ती नोटीस बजावलीत का?"

"नाही, साहेब."

"मग राहू द्या."

मला इतका आनंद झाला की गुणाजीला तिथंच मिठी मारावीशी वाटली. साहेब तोवर पाटीपुढं उकिडवे बसले होते आणि मनुबाई त्यांना खऱ्या पापलेटाचा कल्ला उघडून दाखवत होती.