सात मिनिटांची खिडकी

आमचे साहेब तीन आठवडे परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले आणि येताना सात मिनिटं घेऊन आले. तिकडे म्हणे खिडकीवर नागरिकाचं काम सात मिनिटांत उरकतं. आपला कारभारही आता जगाच्या बरोबरीने चालणार, असं त्यांनी आम्हा दाखले विभागाच्या कारकुनांना उभं करून सुनावलं. महिन्याभरात टोकनचं यंत्र आलं, प्रत्येक खिडकीवर लाल आकड्यांचं घड्याळ आलं. या सुधारणेला पैसा देणारी संस्थाही परदेशातलीच. सहा महिन्यांनी तिथल्या बाई पाहणीला येणार होत्या. सगळ्यात वेगवान कारकुनाला तिकडे दोन महिन्यांचं प्रशिक्षण आणि सगळ्यात संथ कारकुनाची जुन्या फायलींच्या गोदामात बदली, असं ठरलं.

वेगवान कोण, ते विचारूच नका. मीच! पहिली खिडकी, सरासरी चार मिनिटं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. बायकोने तर तिच्या माहेरापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकलं.

युक्ती साधी होती. अर्ज घ्यायचा, एक उणीव शोधायची, "हा कागद घेऊन या" म्हणायचं आणि बटण दाबायचं. टोकन बंद, घड्याळ बंद, पुढचा या. आपण लबाडी करतोय असं मला मुळीच वाटत नव्हतं. उणीव खरीच असायची. फक्त दुसरी उणीव मी दुसऱ्या खेपेला सांगायचो.

तिसऱ्या खिडकीवरच्या ताईंना आम्ही 'गोगलगाय' म्हणायचो. त्यांची सरासरी बावीस मिनिटं. आधी विचारणार, "दाखला कशासाठी हवाय?" मग सगळ्या कागदांची यादी स्वतः लिहून देणार, वर जो कागद कमी असेल तो शेजारच्या कार्यालयाला फोन लावून तिथल्या तिथे मिळवून देणार. त्यांना दमा होता आणि गोदामात धूळच धूळ. बदली झाली तर नोकरी सोडावी लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई, जरा हात चालवा," मी म्हणायचो.

"हात चालतोच आहे हो. पण माणसाचं घोडं पुढे जायला नको का?"

पाहणीच्या दिवशी पाहुण्या बाई दुभाष्याला घेऊन माझ्याच मागे खुर्ची टाकून बसल्या. शेजारी साहेब, खुशीत. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारे शिंपीकाका आले. त्यांना रहिवासी दाखला हवा होता. मी अर्ज चाळला आणि सवयीने म्हणालो, "घरमालकाचं पत्र आणा."

काका हलले नाहीत. त्यांनी खिशातून तीन जुनी टोकनं काढून माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, नातीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. परवा शेवटचा दिवस. चार वेळा दुकान बंद करून आलो. काय हवं ते एकदाच सांगा ना."

चिडले असते तर मीही चिडलो असतो. पण ते विनवत होते.

दुभाष्या बाईंच्या कानाशी लागला. बाईंनी विचारलं, "या टोकनाला किती वेळ लागला?"

"तीन मिनिटं!" साहेब म्हणाले.

"आणि आधीच्या तीन टोकनांचं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'काका कागद विसरतात' एवढं म्हटलं की सुटलो असतो. काका घरी, मी परदेशी, ताई गोदामात. वाक्य अगदी जिभेवर होतं, पण काकांसमोर ते बाहेर पडेना. मला स्वतःची लाज वाटली.

"सगळे कागद मी पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो," मी म्हणालो. "सात मिनिटांत बसलं नसतं, म्हणून सांगितले नाहीत. ताईंकडे माणसाला दुसरी खेप पडत नाही. ते या घड्याळात दिसत नाही, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. बाई मात्र हसल्या. "आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं," दुभाष्याने सांगितलं. "कळायला सहा वर्षं लागली. तुमच्याकडे सहा महिन्यांत कुणीतरी बोललं."

मग सगळे आत जाऊन बसले, जुनी टोकनं नव्याने मोजली. पहिल्या टोकनापासून दाखला हातात पडेपर्यंतचा वेळ धरायचा, असं ठरलं. ताईंची बावीस मिनिटं बावीसच राहिली. माझे अकरा दिवस निघाले! ताईंची बदली रद्द झाली. त्यांची कागदांची यादी बाईंनी आपल्या देशात न्यायला मागून घेतली. माझं प्रशिक्षण अर्थातच बोंबललं.

संध्याकाळी मान खाली घालून बायकोला सगळं सांगितलं. आता तोफखाना सुरू होणार म्हणून वाट बघत बसलो.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "त्या काकांना दाखला मिळाला का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या सगळ्या गडबडीत काका बाकावर बसून बसून निघून गेले होते. अर्ज माझ्या खणातच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जावरचा पत्ता शोधत मी त्यांच्या दुकानाशी पोहोचलो. काका शटर उघडत होते.

"चला, घरमालकाकडे जाऊ. पत्र मी लिहून देतो, त्यांची सही घेऊ आणि तसंच कार्यालयात जाऊ. आज दाखला घेऊनच परतायचं."

काकांनी मला नीट न्याहाळलं. मग अर्धं वर गेलेलं शटर पुन्हा खाली ओढलं.

"पाचव्यांदा बंद करतोय हं," ते म्हणाले.

"शेवटचं, काका."