बर्फाचा खडा

गाठ आता काढता येणार नाही, हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी स्यूचिन मजेत होती. छाती दुखत नव्हती. मिंगफाला मात्र बायकोकडे बघवेना.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं : बरगडीमागे कॅन्सर आहे, ऑपरेशन लवकर करा. "तिला सांगू नका," तो म्हणाला होता. घरोघरी तसंच करतात. आजाऱ्याचा धीर खचू द्यायचा नाही. तिला त्याने सांगितलं, बरगडीत वारा धरलाय.

वाऱ्याचं कुणी ऑपरेशन करतं? ती सुया टोचून दुखणं घालवणाऱ्या लियाओ गुरुजींकडे गेली. बुताय बंदरातल्या धक्क्यामागे त्यांच्या दारात कालवं फोडणाऱ्या बायकांची रांग असायची.

"पालथी झोप, ताई. मागे वळायचं नाही. माझी ऊर्जा लाजरी आहे."

"ऊर्जा आहे का नवी नवरी?" स्यूचिन हसायची.

पाठीत सुया टोचल्या की थोड्या वेळात दुखणं गप्प. बाहेर येऊन ती कालवांची टोपली उचलून दाखवायची, आणि रांगेतल्या बायका हात जोडायच्या. ऑपरेशनची तारीख मिंगफानेच दोनदा पुढे ढकलली. दुखतच नाही, तर चिरायचं कशाला?

तिसऱ्या तारखेआधी तपासणी झाली. एवढी गाठ असून दुखत कसं नाही, म्हणून भूल देणाऱ्या जियानबाईंनी बर्फाचा खडा तिच्या छातीवरून फिरवला.

"उजवीकडे गार लागतं?"

"लागतं."

"डावीकडे?"

"नाही. सकाळीच गुरुजींकडे जाऊन आले ना."

बाईंनी तिची पाठ पाहिली. मणक्याच्या बाजूला टोचल्याचे ताजे ठिपके होते. मिंगफाला त्यांनी बाहेर नेलं.

"काका, त्यातली एक सुई पोकळ असणार. छातीकडे जाणाऱ्या नसा तिथूनच निघतात. त्यांच्याजवळ बधिर करणारं औषध सोडलं की छातीचा तेवढा पट्टा काही तास मुका होतो. छातीच्या ऑपरेशनला मीही हेच करते. फक्त पेशंटला सांगून करते."

मिंगफाने मान खाली घातली. "आणि गाठ?"

"गाठीला काय त्याचं? नव्या फोटोत ती पसरलेली दिसते."

स्यूचिन त्याच थंडीत वारली. शेवटपर्यंत विचारत होती, "एवढासा वारा, अजून कसा निघत नाही हो?"

दुखणं थांबणं वेगळं, रोग जाणं वेगळं. चमत्कार करणाऱ्याला विचारावं, सुईत काय आहे. आणि आजारी माणसाला खरं सांगावं. मिंगफाला हे आता कळतं.

स्यूचिनची बहीण छाती दुखते म्हणून त्याच रांगेत बसते. तिला गुरुजीचं खोटं सांगायचं, तर आधी स्वतःचं सांगावं लागेल. त्याने अजून सांगितलेलं नाही.