पेजेचा चमचा

मोबाईलवरच्या गुलाबाच्या फुलांची मला हल्ली किळस येते. ‘घासूनपुसून’ नावाच्या कथालेखनाच्या ग्रुपमध्ये मी शिरलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला अशी चाळीसेक फुलं मिळाली. ‘अप्रतिम!’ ‘निःशब्द!’ कथा टाकल्यावर मिनिटभरात ही मंडळी निःशब्द व्हायची. वाचायची कधी, कोण जाणे.

ग्रुपचा नियम असा, की आधी दुसऱ्यांच्या दोन कथांवर मत द्यायचं, मग आपली एक टाकायची. सतवासच्या एका बाईंनी सासूच्या आजारपणावर लिहिलं होतं. मी देवासच्या कारखान्यातली पाळी संपवून चहा पीत बसलो होतो. त्यांना ऐटीत कळवलं, “नणंदेचं पात्र काढा. ती कथेत काही करत नाही.” त्यांनी बिचाऱ्यांनी काढलं. मी स्वतःवरच खूश झालो.

मग माझी कथा टाकली. भाऊंवर, म्हणजे आमच्या वडिलांवर. भाऊ धारला शाळेत मास्तर होते. अर्धांगवायूने नऊ वर्षं अंथरुणावर पडून होते आणि मागच्या माघात गेले. नऊही वर्षं त्यांचं सगळं अक्काने केलं. अक्का माझी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही की आम्ही होऊ दिलं नाही, यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी महिन्यातून एकदा संत्री घेऊन जायचो. कथेत हे सगळं होतं. अक्का त्यांची कूस कशी बदलायची, पाठीच्या जखमांवर पावडर कशी लावायची, लघवीचं भांडं, त्याचा वास. भाऊ गेले तेव्हा मी बसमध्ये होतो, तेही लिहिलं होतं.

ग्रुपचे प्रमुख रत्नाकर सर. ते फुलं देत नसत, चुका काढत, म्हणून मला ते फार थोर वाटायचे. “भांड्याचा वास काढा, वाचक दूर जातो.” काढला. स्वानंदी नावाच्या कुणी लिहिलं, “बहीण नुसती कामं करते, तिचा प्रवास दिसत नाही. बाप आणि मुलगा एवढंच ठेवा.” नऊ वर्षं जी एका खोलीतून हलली नाही, तिचा प्रवास कुठून दिसणार! पण मी अक्कालाही काढलं. मग भाऊंना पेज भरवायला कुणी उरेना, तेव्हा चमचा मी माझ्याच हातात घेतला. शेवटी सर म्हणाले, “मुलगा वेळेवर पोचला तर परिणाम साधेल.” पोचलो. भाऊंनी माझ्या हातचं पाणी घेतलं आणि डोळे मिटले. असे आठ खर्डे झाले. कथा ग्रुपच्या पुस्तकासाठी निवडली गेली, आता सरांना फक्त माझा होकार हवा होता. म्हटलं, आधी अक्काला दाखवू, घरचंही कौतुक पदरात पडू दे.

भाऊंच्या वर्षश्राद्धाला धारला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मटार सोलत बसली होती. मी छापील पानं तिच्यापुढे ठेवली. किती हौसेने ठेवली ते आठवलं, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

“तूच वाच ना रे, शंतनू,” ती म्हणाली. “मला मराठी अटक-अटक के वाचता येतं, शाळा सगळी हिंदीत झाली ना.”

मी वाचू लागलो. पहिल्या पानावर ती मान डोलावत होती. दुसऱ्या पानावर मी भाऊंना पेज भरवली, आणि तिचा हात शेंगेवर थांबला. मी वर पाहिलं नाही. कूस मी बदलली, पावडर मी लावली. माझा तो गहिवरलेला आवाज मलाच ऐकवेना. सतवासच्या बाईंची नणंद आठवली. तिनेही त्या घरात काय काय उपसलं असेल, आणि मी तिला एका ओळीत हाकललं होतं. मला शिसारी आली. सरांची आली, त्या फुलांची आली, आणि सगळ्यांत जास्त माझ्याच तोंडाची. तरी मी शेवटपर्यंत वाचलं. मध्येच थांबायची हिंमत झाली नाही.

“मी तर कुठेच नाही यात,” अक्का म्हणाली.

“ग्रुपमधले लोक म्हणाले, की...”

तिने हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले.

“असू दे. त्या दिवशी भाऊ पहाटेपासून बोबडं बोबडं एकच विचारत होते, शंतनू आला का. आठ वाजता तुला फोन लावला, तर तू म्हणालास, पाळी संपवून निघतो. मी भाऊंना सांगितलं, बस निकल गई, येतोच आहे. झूठ बोलले मी. दरवाज्याकडे बघत बघतच गेले ते.”

पाळीचं मी पहिल्या खर्ड्यातही लिहिलं नव्हतं.

अक्काने पदराने हात पुसले, मी वाचून खाली ठेवलेली पानं नीट जुळवली आणि माझ्याकडे दिली.

“चांगलं लिहिलंस. पाठवून दे त्या लोकांना. कागदावर तरी पोचलास.”