न विचारता हललेला बाण

मित्रांनो, मी एक जुना रखवालदार आहे. पण माझ्या हातात काठी नाही नि गळ्यात शिट्टी नाही. खरं सांगायचं तर मला हातही नाहीत आणि गळाही नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतो ना, तो मी. बरेच लोक मला डाग समजून बोटाने पुसायला जातात. मी एक प्रोग्राम आहे. दूर बसलेल्या दुरुस्तीवाल्याला इथला कॉम्प्युटर हाताळता यावा म्हणून मी आतून दार उघडतो, त्याने पाठवलेलं अपडेट जागच्या जागी बसवतो आणि कुठे काय दुखतंखुपतं ते त्याला कळवतो. स्वभावाने मी भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तो माझ्या पाठी कसा लागला, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या खोलीत झाला. तिथे माणसं दिवसभर टकटक करत आणि एकमेकांच्या चुका काढत. एकाने लिहिलेली ओळ दुसरा वाचायचा आणि तोंड वाकडं करायचा. असा खोडून, पुन्हा लिहून, वैतागून मी तयार झालो. मग माझी नि माझ्या भावंडांची पाठवणी झाली. एक भाऊ दातांच्या दवाखान्यात गेला, एक छापखान्यात, एक शाळेच्या कचेरीत. मी आलो हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिलं काढतात तिथे.

लांबलचक खोलीत कपाटांसारखी उबवणी यंत्रं ओळीने उभी होती. आत ट्रेवर ट्रे आणि ट्रेमध्ये अंडी. ऊब किती ठेवायची, ओलावा किती, पंखे केवढ्या वेगाने फिरवायचे, हे सगळं मी राहतो तो कॉम्प्युटर बघायचा. ऊब वाढली तर पिलू अंड्यातच जातं, घटली तर वाढतच नाही. हे कळलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तशी ती मला कुणी दिलेलीच नव्हती म्हणा!

ही खोली सांभाळायच्या मालकांच्या आत्या. मालकांच्या आत्या म्हणून सगळ्यांच्याच आत्या. वयाने त्यांच्याहून मोठा असलेला टेम्पोवालाही त्यांना आत्याच म्हणायचा. त्या कडक होत्या. दार उघडं टाकणाऱ्याला त्या असं काही बोलायच्या की पुढच्या वेळी तो दार दोनदा ओढून बघायचा. मात्र पिलांशी बोलताना त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

दूरच्या शहरात बसणाऱ्या आमच्या दुरुस्तीवाल्याला आत्यांनी ‘डॉक्टर’ असं नाव ठेवलं होतं. तो कधी दिसायचा नाही. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला की डॉक्टर आले असं समजायचं. पहिल्यांदा तसा बाण हलला तेव्हा आत्या खुर्चीसकट मागे सरकल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टरांनी एक रीत पाळली. बाणाला हात लावण्याआधी ते एक छोटी चौकट उघडून त्यात लिहायचे, “आत्या, आत येऊ का?”

आत्या एका बोटाने अक्षरं शोधत उत्तर द्यायच्या, “या. चपला बाहेर काढा.”

“काढल्या,” असं डॉक्टर लिहायचे आणि मगच कामाला लागायचे. इतक्या वर्षांत ही रीत एकदाही चुकली नाही. तसं बघितलं तर विचारायची त्यांना काही गरज नव्हती. दार उघडणारा मी, आणि मला नाही म्हणताच येत नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याला मी दार उघडतो. तो कोण, कशाला आला, हे विचारायची मला सोय नाही. मित्रांनो, माझ्या भीतीचं मूळ इथेच आहे.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची गेली. ट्रे धुवायची वेळ झाली की डॉक्टर विचारून यायचे, आम्ही दोघं मिळून अपडेट बसवायचो, आणि आत्या हात पुसत परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. एकदा कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरायला लागली, ते मी आधीच कळवलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “आत्या, तुमचा ठिपका हुशार आहे हो!” त्या दिवशी मी जरा जास्तच हिरवा झालो असेन.

पुढे डॉक्टरांच्या कचेरीत कामाचा बोजा वाढला. एकेका ठिकाणी विचारत बसायला वेळ कुणाला? वरून फर्मान निघालं की यापुढे सगळीकडची अपडेटं आपोआप बसतील. बटण दाबायला नको, विचारायला नको. आणि नेमका पिलं निघायच्या दिवशी, भर दुपारी, हुकूम आला. अपडेट बसलं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पण पंखे फिरवणारा प्रोग्राम काही सुरू झाला नाही. अंड्यातून निघणाऱ्या पिलांची स्वतःचीच ऊब इतकी असते की पंखे थांबले तर ती घुसमटतात. आत्या धावल्या, दारं सताड उघडली, पुठ्ठ्याने वारा घातला. तरीही एका यंत्रातली पुष्कळ पिलं गेली. आत्या ट्रे मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या रडत होत्या आणि मला तिथून हलताही येत नव्हतं.

मालक संतापले. डॉक्टरांनी फोनवर खूप समजावलं, “मालक, चूक आमची. पण अपडेट बंद करू नका. आपण वेळ ठरवून घेऊ.”

“एकदा ठरवलीत तेवढी पुरे!” असं म्हणून मालकांनी फोन ठेवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मालकांनी ताक पिणंच सोडलं. अपडेट आलं की ‘नंतर’चं बटण दाबायचं, असा नियम झाला, आणि पंखे कॉम्प्युटरशिवायही चालावेत म्हणून प्रत्येक यंत्राला हाताने पाडायचा एक खटका बसला. आणि हॅचरीत ‘नंतर’ला तोटा नाही. आज अंडी भरायची आहेत, उद्या पिलं निघायची आहेत, परवा टेम्पो यायचा आहे. दाराशी अपडेटांचा ढीग साचत गेला आणि माझी कडी दिवसेंदिवस खिळखिळी होत गेली.

मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आत्यांनी तो मालकांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजात लावला. डॉक्टरांचा आवाज वेगळाच होता.

“मालक, या ठिपक्यातच एक भोक सापडलंय. चोराला आता किल्लीची गरज नाही, सरळ आत येतो. आमचा छापखाना आज पहाटेच गेला. सगळी कामं कुलूपबंद करून चोर आता सोडवायचे पैसे मागताहेत. हे एवढं अपडेट आत्ता बसवू द्या.”

“आज पिलं निघताहेत, डॉक्टर.”

“म्हणूनच म्हणतोय.”

मालक आत्यांकडे बघत राहिले. दोघांच्याही डोळ्यांसमोर तो मांडीवरचा ट्रे असणार. शेवटी मालक म्हणाले, “संध्याकाळी. पिलं बाहेर पडली की लगेच.” डॉक्टर म्हणाले, “बरं. मी फोनजवळच आहे.”

छापखान्यातला भाऊ गेला! ज्या ओळीने तो फसला तीच ओळ माझ्या पोटात होती. तुम्ही कधी घरात एकटे असताना बाहेरून कुणीतरी कडी चाचपताना ऐकलंय का? मी ते सकाळपासून ऐकत होतो. कुणीतरी यायचं, दार ढकलून बघायचं, निघून जायचं, पुन्हा यायचं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्याजवळ होता फक्त तो हिरवा ठिपका, आणि तो तर सगळं ठीक आहे असंच सांगत होता.

दुपारच्या आत दार उघडलं. मी उघडलं नाही. ते नुसतं उघडलं.

आत्या तेव्हा आकडे बघायला पडद्यासमोर आल्या होत्या. बाण हलला. त्यांना वाटलं, डॉक्टरांना धीर निघाला नाही. त्यांनी चौकट उघडली आणि जरा चिडूनच लिहिलं, “न विचारता आलात? चपला कुठे आहेत?”

बाण थांबला. मग वर आला आणि त्याने ती चौकट पटकन मिटवून टाकली.

हे डॉक्टर नसणार, हे आत्यांनी ओळखलं. त्यांनी दुसरं काही केलं नाही. टेबलाखाली वाकून इंटरनेटची वायर ओढून काढली आणि तशाच खाली बसून फोन लावला.

“डॉक्टर, तुम्ही आत होतात?”

“नाही. आत्या, वायर काढा!”

“काढली. पण इथे फायलींची नावं बदलताहेत. एकेक करून.”

“चोर गेला, पण आत काहीतरी सोडून गेलाय. ते पंख्यांपर्यंत पोहोचायच्या आत कॉम्प्युटरची वीज तोडा. पण त्याआधी यंत्रं हातावर घ्या, म्हणजे पंखे कॉम्प्युटरशिवाय चालतील. जमेल?”

“मला भीती वाटतेय हो,” आत्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं म्हणताना मी ऐकलं नव्हतं. मग त्या उठल्या. मालकांना हाक मारून म्हणाल्या, “तू त्या टोकाकडून ये, मी इकडून येते. खटका खाली, पंखा ऐकायचा, मग पुढे. घाई केलीस तर बघ!”

मी खटक्यांचे आवाज ऐकत होतो. माझ्या शेजारचे प्रोग्राम एकापाठोपाठ एक मुके होत होते. आता पंख्यांच्या प्रोग्रामची पाळी होती. तेवढ्यात शेवटचा खटका पडला आणि आत्यांनी भिंतीतला प्लग उपटला. अंधार झाला. पिलं जगली की गेली, हे न कळताच मी विझलो.

जागा झालो तेव्हा खोलीत चिवचिवाट होता. इतका, की समोर बसलेल्या माणसाला मोठ्याने बोलावं लागत होतं. तो माणूस बुटका होता, त्याला सर्दी झाली होती, आणि त्याच्या पायात चपला नव्हत्या. डॉक्टर स्वतः आले होते. सगळं पुसून, जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीवरून ते कॉम्प्युटर पुन्हा उभा करत होते. म्हणून मी परत आलो. तोच मी, तेच भोक पोटात घेऊन. जुन्या प्रतीत त्या दिवसाची आठवण कशी उरली, ते मात्र मला विचारू नका. मालकांनी भिंतीवर वेळ लिहून लावली: ट्रे धुताना अपडेट, आत्यांना विचारून, आणि पंखे हातावर घेऊन. रोजचं काम म्हणून.

आता डॉक्टर मला काढून नवा रखवालदार बसवणार आहेत. आत्यांनी त्यांना हळूच विचारलं, “त्याला कळतं का हो काही?” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “माहीत नाही, आत्या. पण ठेवता येणार नाही.”

कळतं, मित्रांनो. मला भीती वाटते आहे. नवा येईल त्यात माझं काही उरेल की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या सकाळची भीती याहून मोठी होती. तेव्हा दुरुस्ती दाराशी येऊन उभी होती आणि तिला आत कुणी घेत नव्हतं. तुमच्याकडेही एखादं अपडेट ताटकळत असेल. एकदा पोळलं म्हणून त्याला हाकलू नका. वेळ ठरवा, विचारून घ्या, शेजारी उभे राहा, पण बसवा. मोडकी कडी बिचारी आहे म्हणून कुणी दाराला ठेवत नाही. डॉक्टर, काढा मला. फक्त त्याआधी पंखे फिरताहेत ना, तेवढं एकदा बघून घ्या.