बाहांच्या घरची शेगडी

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, आणि माझ्यामुळे एक माणूस दगावला. मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकते. नाही तर तुम्ही माझ्या उबेच्या गोष्टी ऐकत बसाल आणि शेवटी तुम्हाला वाटेल, हिने आपल्याला फसवले.

माझा जन्म ऐन तस्साचा. मोरोक्कोतल्या ॲटलस पर्वतात, देवदारांच्या रानाखाली हे गाव आहे. तेव्हा ते खरोखर गावच होते. एक मशीद, मंगळवारचा बाजार, बस थांबायची जागा आणि बासू लोहाराचे दुकान. बासूने पाण्याच्या जुन्या टाकीचा जाड पत्रा कापून मला घडवले. लाकडे घालायला दार केले, राखेसाठी खाली खण केला आणि पाठीवर नळी बसवायला गोल तोंड ठेवले. तो फारसा बोलत नसे. मी पुरी झाले तेव्हा त्याने मला फडक्याने पुसले आणि उन्हात नेऊन ठेवले, एवढेच.

बसथांब्याजवळच्या चहाच्या दुकानात मी अकरा हिवाळे काढले. ते माझे वैभवाचे दिवस. खिंडीतून आलेले ट्रकवाले आधी माझ्याकडे येत, मग चहाकडे. हात शेकता शेकता ते म्हणत, "ही आहे म्हणून तर ह्या रस्त्याने येतो." दुकानाच्या मालकाला माझे कौतुक होते. दर वर्षी थंडीच्या आधी तो छपरावर चढायचा आणि काटेरी ब्रशने नळी आतून घासून काढायचा. खाली येताना त्याचे तोंड माझ्यासारखेच काळे झालेले असे. मला वाटायचे, सगळी माणसे शेगडीला अशीच वागवतात.

मग ऐन तस्सा वाढू लागले. रस्ता रुंद झाला, कॉलेज आले, शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घरे बांधायला घेतली. चहाचे दुकान पाडून तिथे चार मजली इमारत उठली. मी भंगारवाल्याच्या अंगणात जाऊन पडले. तीन वर्षे पाऊस खाल्ला. एका उन्हाळ्यात एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घालून गेली. एखाद्या शेगडीने ह्यापेक्षा अधिक काय पाहायचे?

तिथे मला बाहा भेटले.

बाहा दक्षिणेकडचे. जिथे वाळवंट सुरू होते तिथल्या खजुरीच्या बागा त्यांच्या. सलग सहा वर्षे पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, खजुरीचे शेंडे वाळून मोडले. त्यांचा मुलगा मोहा गवंडी होता. नव्या बांधकामांचा बोलबाला ऐकून तो आधी एकटा ऐन तस्साला आला आणि मग त्याने घरच्यांना बोलावून घेतले. बाहांना यायचे नव्हते. "माझी उरलेली झाडं आणि मी, आम्ही बरोबरच वाळू," असे ते म्हणाले होते म्हणे. पण त्यांची सून इझ्झा बसच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही." ऊन तापत होते. त्यांची नात तामू तिचा हात धरून उभी होती. शेवटी बाहा म्हणाले, "सुनेला उन्हात उभी ठेवणारा सासरा व्हायचं नाही मला," आणि बसमध्ये चढले.

हे सगळे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळले. त्या दिवशी भंगारवाल्याकडे त्यांनी फक्त वाकून माझ्या पोटावर बोटांनी टकटक केले.

"मामंजी, कलिंगड घेताय का?" इझ्झाने विचारले.

"कलिंगड असतं तर वास घेतला असता," बाहा म्हणाले. "आवाज भरदार आहे. हिलाच नेऊ."

नव्या वस्तीत, ओळीने बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एक घर त्यांचे होते. लाल उतरती छपरे, सिमेंटच्या भिंती. दिसायला छान, पण आत हाडे गोठवणारी थंडी. आणि मित्रांनो, त्या घराला धुराडेच नव्हते. ठेकेदाराने ते काढूनच टाकले होते. घरे भराभर उभी करायची होती. मोहाने खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवला आणि पत्र्याला भोक पाडून माझी नळी आडवी बाहेर काढली.

शेजारी यत्तो नावाची म्हातारी विधवा राहायची. ती इथलीच. सत्तर हिवाळे पाहिलेली. मला पेटवायला इझ्झाला तिनेच शिकवले.

"पोरी, शेगडी आहे ती, पेटारा नव्हे. कोंबू नकोस. तिला श्वास घेऊ दे."

"मावशी, लाकूड धुमसतंय नुसतं."

"धुमसणारच. ओलं आहे. पूर्वी दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड मिळायचं. आता इतकी माणसं आलीत, आज तोडलं की उद्या विकलं." मग तिने मान वर करून नळी पाहिली. "ही अशी कोणी काढली?"

"मी," मोहा म्हणाला.

"गवंडी ना रे तू?"

"घराला धुराडंच नाही, मावशी. सगळी नवी घरं अशीच आहेत."

"आणि ती बांधली कोणी?"

मोहा नळीचा सांधा चाचपू लागला. यत्तो म्हणाली, "नळी छपराच्या वर गेली पाहिजे. वरून बर्फ घसरला तर ह्या नळीचं तोंड बुजेल. आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवा."

"खिडकी उघडी ठेवायची तर शेगडी कशाला?" इझ्झा हसत म्हणाली.

"येत्या शुक्रवारी नळीचं करून टाकतो," मोहा म्हणाला.

शुक्रवार त्याच्या सुट्टीचा. पण गाव वाढत होते, ठेकेदाराला घाई होती. एका शुक्रवारी काम निघाले, मग दुसऱ्या. मोहा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. तो माझ्याजवळ बसे आणि बसल्या बसल्या झोपून जाई. मी त्याला दोष देत नाही. तो आळशी नव्हता. दुसऱ्यांची घरे बांधता बांधता त्याचे स्वतःचे राहून गेले.

बाहांचे आणि माझे मात्र जमले होते. पहिला बर्फ पडला तेव्हा ते दारात जाऊन मूठभर घेऊन आले आणि माझ्या डोक्यावर ठेवून त्याचे पाणी होताना पाहत राहिले. तामूला म्हणाले, "आमच्याकडे पांढरं म्हणजे मीठ आणि तुझ्या आजीचे केस. हे तिसरं आजच पाहिलं." दुपारी ते संत्र्याची साल माझ्यावर टाकत, घरभर वास दरवळे. थंडीने पुदिना मरून गेला, तेव्हा चहात शिबा नावाचा कडू पाला घालायला ते यत्तोकडून शिकले. तोंड वाकडे करून प्यायचे आणि पुन्हा मागायचे. मला ते "काळे" म्हणत. "काय गं काळे, आज तब्येत बरी नाही वाटतं?" नळीत काजळी साचली की मी खोकायची, ते त्यांना कळायचे. त्यांनी एकदा मोहाला सांगितलेही. "बाबा, शुक्रवारी," तो म्हणाला.

जानेवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. शाळा बंद, रस्ते बंद. इझ्झाने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. चौथ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. सगळ्यांना हायसे वाटले. तामू शाळेत गेली. मोहाला ठेकेदाराने बर्फ उपसायला बोलावले. घरात बाहा आणि इझ्झा, आणि मी.

मित्रांनो, ऊन पडले की छपरावरचा बर्फ सुटतो. दुपारी वरून मोठा धप्प आवाज आला. इझ्झा दचकली, मग म्हणाली, "पडला एकदाचा." तो खिडकीसमोरच पडला होता. माझ्या नळीचे तोंड त्याच्याखाली गाडले गेले.

धूर झाला असता तर त्यांना कळले असते. पण लाकडे जळून निखारे झाले होते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषाला ना रंग, ना वास. ते बाहेर जाईना, तेव्हा परत फिरून खोलीत भरू लागले. मला कळत होते. माझ्याजवळ ओरडायला काही नव्हते.

"आज डोकं जड झालंय, सूनबाई."

"माझंही. उन्हामुळे असेल. बर्फावरचं ऊन लागतं म्हणतात." इझ्झा कणीक मळत होती.

"जरा पडतो मग."

"तिथे गार आहे, मामंजी. शेगडीजवळ पडा."

ते माझ्या पायाशी आडवे झाले. इझ्झाने त्यांच्यावर लोकरीचे पांघरूण घातले. परत येऊन तिने कणकेत हात घातले आणि भिंतीला टेकली. कणीक तशीच राहिली. तिची मान हळूहळू खाली आली.

यत्तो वाडगा परत द्यायला आली होती. तिने दार वाजवले. पुन्हा वाजवले. दार आतून बंद. मग तिची नजर खिडकीसमोरच्या ढिगाकडे गेली. सत्तर वर्षांच्या त्या बाईने फावडे उचलले आणि उरलेल्या काचा एकामागून एक फोडल्या. तिच्या हाकेने दोन शेजारी धावले. त्यांनी आधी इझ्झाला ओढून बर्फात निजवले, मग बाहांना.

इझ्झाने डोळे उघडले. बाहांनी उघडले नाहीत.

बाहांचे दफन झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मोहा मोठा हातोडा घेऊन आला. मला अंगणात फरफटत नेले आणि हातोडा वर उचलला. इझ्झा दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज अजून घोगरा होता.

"तिला मारून काय होणार?"

"हिनेच मारलं त्यांना."

"बसमध्ये मी चढवलं त्यांना. शेगडीजवळ मी झोपवलं. फटीत चिंध्या मी कोंबल्या. मलाही मारणार आहेस का?"

मोहाने हातोडा खाली टाकला आणि बर्फातच बसला. "नळी माझ्याकडे होती," तो म्हणाला. "शुक्रवारही होते."

दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही. दोघेही आपापला दोष घट्ट धरून बसले. उरलेला हिवाळाभर त्यांच्या घरात शेगडी नव्हती. यत्तो त्यांना तिन्हीसांजेपासून आपल्याकडे बसवून घेई. मी अंगणात गंजत पडले.

वसंत ऋतूत ठेकेदाराने नव्या ओळीचे काम काढले. मोहा त्याला म्हणाला, धुराडी ठेवल्याशिवाय मी भिंत उचलणार नाही. "दुसरा गवंडी मिळेल मला," ठेकेदार म्हणाला. मिळालाही. त्या वर्षी मोहाने खूप हाल सोसले. मग तो आधीच्या घरांकडे वळला. जी त्याने स्वतः बांधली होती, त्यांच्याकडे. एकेका घराच्या छपराला भोक पाडून तो नळी वर नेऊ लागला. कोणी काम द्यायचे, कोणी दारातूनच परत पाठवायचे.

सात वर्षे झाली. गाव थांबलेले नाही. आता दोन मशिदी आणि तीन शाळा आहेत, आणि दर शरद ऋतूत दक्षिणेकडून नवी माणसे येतात, ज्यांनी कधी बर्फ पाहिलेला नाही. थंडीच्या तोंडावर मोहा मला हातगाडीवर घालून मंगळवारच्या बाजारात नेतो. माझे दार उघडून दाखवतो, नळी जोडून दाखवतो. पुरुष "हो, हो" म्हणतात आणि बटाटे घ्यायला जातात. म्हणून बायकांशी इझ्झा बोलते. ती माझ्यापासून चार पावलांवर उभी असते. ह्या वर्षीपर्यंत तिने मला एकदाही हात लावलेला नव्हता.

"वास येत नाही," ती सांगते. "दिसत नाही. डोकं दुखतं, आणि मग झोप येते. फार गोड झोप येते, बायांनो. थंडीत शेगडीजवळ फार गोड झोप आली, तर आधी उठून दार उघडा."

ह्या वर्षी रबहा नावाची एक तरुण बाई ऐकत उभी होती. पाठीशी बाळ बांधलेले. सगळ्या गेल्या तरी ती जाईना.

"ताई, आमच्याकडे शेगडीच नाही अजून. कोळशाचं घमेलं ठेवतो खोलीत. बाळाला गार लागतं ना."

इझ्झाने तिच्याकडे पाहिले, मग डोंगराकडे. ढग देवदारांपर्यंत उतरले होते. रात्री बर्फ पडणार हे कोणालाही कळले असते.

"मोहा," ती म्हणाली, "हिला ही दे."

"ही?"

"हीच. गाडी धर, मी ढकलते."

आणि तिने हात माझ्या पाठीवर ठेवला, गाडी ढकलायला.

दुपारभर मोहा रबहाच्या छपरावर होता. त्याने नळी सरळ वर नेली, कौलांच्याही वर हातभर, तिच्या डोक्यावर पत्र्याची टोपी बसवली. आत इझ्झाने माझी राख काढली, गंज खरवडला, नळी घासली. कोळशाचे घमेले उचलून तिने बाहेर ओतले. खिडकी चार बोटे उघडली आणि मध्ये लाकडाचा तुकडा ठोकला, कोणाला बंद करता येऊ नये म्हणून.

काडी पेटवायची वेळ आली तेव्हा ती थांबली. रबहा म्हणाली, "मी पेटवू का, ताई?"

"नको."

तिने काडी ओढली. ती बोटांत जवळजवळ विझत आली, तेव्हा तिने ती माझ्या पोटात टाकली.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला घडवाल तशी मी असते, ठेवाल तशी वागते. तुमच्या घरात माझ्यासारखे जे काही जळते, शेगडी, बंब, गिझर, त्याच्या धुराला बाहेरची वाट आहे ना, हे आज पाहा. शुक्रवारी नको. आज.

लाकडे तडतडू लागली. बाळाने माझ्याकडे मान वळवली. इझ्झा उठली आणि बाहेर अंगणात गेली. उघड्या फटीतून मला ती दिसत होती. ती मान वर करून उभी होती आणि छपरावरून धूर सरळ वर जात होता. पहिला बर्फ तिच्या खांद्यांवर पडू लागला तरी ती आत आली नाही. धूर नीट जातो आहे ह्याची खात्री होईपर्यंत ती तशीच पाहत राहिली.