रस्त्याकडे तोंड केलेला कॉम्प्युटर

शेजारच्या चांगोने कॉम्प्युटर घेतल्यापासून धसईच्या भगीरथला चैन पडेना. तो मुलीला, वैष्णवीला, घेऊन मुरबाडच्या दुकानात गेला.

"बाबा, मेमरी जास्तीची घेऊ. मला कॉलेजचं काम करायचंय."

"मेमरी रस्त्यावरनं कुनाला दिसते गो?" म्हणत त्याने सगळ्यात मोठा मॉनिटर निवडला आणि घरी ओटीवर रस्त्याकडे तोंड करून मांडला.

सोमवारी कॉलेजला निघताना वैष्णवीने पडद्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहिलं, "बाबांना हा बंद करता येत नाय."

ओटीपुढे माणसं जमली. पडद्यामागे बसलेला भगीरथ खूश होता, चांगोने ते मोठ्याने वाचेपर्यंत. प्लग काढला तर बिघडेल, पंचा टाकला तर पेटेल, या भीतीने तो वैष्णवी परतेपर्यंत पडदा पाठीने झाकून उभा राहिला.