चालू शे

सोनगीरला मुलगी पाहायला जाताना रुपचंदमामाने हितेंद्रला वाटेत एकच गोष्ट बजावली. "मुलीचे वडील झुलाल आबा, त्यांच्यासमोर हायब्रीड हा शब्द काढू नको. एका साली त्यांच्या हायब्रीड कपाशीला बोंडच धरलं नाही. तेव्हापासून कुणाला शिवी द्यायची असली, तर आबा त्याला हायब्रीड म्हणतात."

अडचण एवढीच होती, की दोघं ज्या गाडीत बसले होते, ती हायब्रीड होती. हितेंद्र धुळ्याच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायचा आणि आज वजन पडावं म्हणून साहेबांच्या हातापाया पडून डेमोची गाडी घेऊन आला होता. मोहिनीशी तो फोनवर दोनदा बोलला होता. तिसऱ्यांदा बोलण्याआधी लग्न ठरलं तर बरं, कारण सांगण्यासारखं सगळं दोन फोनमध्येच संपलं होतं.

अंगणात गाडी लावून त्याने ती बंद करायचं बटण दाबलं. आवाज आला नाही. पण आवाज आधीही नव्हता. उतरताना गाडीने मागून टूं-टूं केलं, तो त्याला गाडीचा निरोप वाटला.

खाटेवर आबांची थोरली बहीण भागाबाई अक्का बसली होती. तिने मामाला थेट विचारलं, "पोऱ्या सरळ शे का चालू शे?"

"एकदम सरळ, अक्का!"

आबांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "पेट्रोलच्या गाड्या बंद होणार म्हणतात. मग तुझी नोकरी बी बंद? ही तुझी गाडी कसावर चालस?"

हितेंद्रच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. मामाने त्याचा पाय दाबला. खरं उत्तर परत गेलं.

"इलेक्ट्रिक, आबा. फक्त बॅटरी. पुढचा जमाना हाच."

आबा खूश झाले. मोहिनी पोहे घेऊन आली, समोर बसली आणि हितेंद्रला घाम फुटला. मोहिनीमुळे नाही. गाडी खरंच बंद झाली की एसीसकट सुरूच राहिलीय, हे आठवेना. सुरू असेल तर बॅटरी उतरेल. बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होईल. त्याने एक घास घेतला, गाडीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला, गाडीकडे पाहिलं. त्याचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता.

"गाडीलाच पाहायला आलात का?" मोहिनी म्हणाली.

तेवढ्यात गाडी गुरगुरली. आत कुणी नव्हतं. दारातलं कुत्रं उठलं आणि कायमचं गाव सोडल्यासारखं पळालं.

"बॅटरीनी गाडी खोकस कशी?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा," हितेंद्र घाईने म्हणाला, "चालू आहे."

"दखा!" अक्का खाटेवरून ओरडली. "स्वतःच कबूल करस. पोऱ्या चालू शे!"

"मी नाही अक्का, गाडी चालू आहे! म्हणजे पेट्रोलवर पण चालते, बॅटरीवर पण. हायब्रीड आहे!"

शब्द निघून गेला. मामाने पोह्यांतला शेंगदाणा शोधायला मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

आबा उठून उभे राहिले. "म्हणजे खोटं बोलला? आणि हायब्रीड?"

"खोटं बोललो, आबा. शोरूममध्ये पुढच्या साली काय विकायचं, ते साहेबांनाही माहीत नाही. मला कुठून असणार?"

मग मोहिनी म्हणाली, "आबा, आपला बठ्ठा कापूस, सगळाच्या सगळा, हायब्रीडच शे."

"आपला शे, म्हणून तर माहीत शे!" आबा तडकले. "हायब्रीडनं बियाणं दुसऱ्या साली चालत नही. मग जवाई बी दरसाल नवा आणू का?"

मोहिनीने हितेंद्रकडे नीट पाहिलं. त्याचा पाय आता थांबला होता.

"एक हंगाम पाहू," ती म्हणाली. "खोटं बोलला, पण टिकलं नाही. असा माणूस चालू नसतो."

आबांनी हुंकार दिला. त्या घरात हुंकार म्हणजे होकार.

निरोप घेऊन हितेंद्र गाडीत बसला. आता बॅटरी भरलेली. इंजिन गप्प झालं. गाडीत चिटपाखराचाही आवाज नाही.

"बंद पडनी का रे?" आबा ओरडले. "लोटा रे, लोटा!"

भावकी धावली. खुद्द मोहिनीने मागून हात लावला. हितेंद्रने काच खाली केली, तोंड उघडलं, आणि समोर खाटेवर टक लावून बसलेली अक्का दिसली.

त्याने तोंड मिटलं. चालू गाडीत, हात जोडून, तो सासरच्या माणसांच्या जोरावर हायवेपर्यंत गेला.